पाणी फुटल्यापासून अर्धा तास

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. "डॉक्टर, घोडी व्यायला लागलीय. तशी घाई नाही, सावकाश या." पाणी कधी फुटलं, असं विचारलं. "बाराच्या सुमाराला. आपली म्हैस नाही का चार-चार तास घेत!"

बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्यात शिरलो तेव्हाच मनात पक्कं झालं होतं, की शिंगराला उशीर झालाय; आता घोडी वाचली तरी खूप. पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. अंगावरून घाम निथळत होता, अगाडी-पिछाडी दोन्ही बांधलेल्या होत्या, आणि शेपटीखाली दोन खूर दिसत होते. दोन्ही खुरांचे तळवे वर, छताकडे. शिंगरू आत उताणं होतं. बाहेर काढलं तेव्हा त्यात जीव नव्हता. घोडी वाचली.

मालक हयगय करणारा माणूस नव्हता. वरातीच्या दोन घोड्या, शेजारच्या गोठ्यात सहा म्हशी, तीस वर्षं जनावरांतच गेलेली. त्याने त्या रात्री जे जे केलं ते म्हशीच्या बाबतीत बरोबरच ठरलं असतं. येरवडा, विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव या पट्ट्यात घरच्या एक-दोन घोड्या पाळणारे बहुतेक लोक आधी गाई-म्हशींचे जाणकार असतात, आणि तीच जाणकारी घोडीच्या वेळी अंगाशी येते.

तसं येरवडा हे नाव घोड्यांच्या जगाला नवीन नाही. थरोब्रेड पैदास करणाऱ्यांच्या यादीत येरवडा स्टड आहे, १९४६ पासूनचा पूनावाला स्टड पुण्याचाच, आणि देशभरातल्या थरोब्रेड शिंगरांची वंशावळ लिहून ठेवणारी स्टड बुक अथॉरिटीही पुण्यातच. मोठ्या स्टडवर व्यायच्या घोडीसाठी रात्रपाळीचा माणूस असतो, कॅमेरा असतो, डॉक्टरांची सोय असते. त्यांना या लेखाची गरज नाही. ज्यांच्याकडे एक शेड, एक सईस आणि एक मोबाइल आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळं नीट चाललं तर घोडीला माणसाची गरज लागत नाही, हे आधी सांगतो. थरोब्रेड घोड्यांत शंभर वितींमागे साधारण चार अडतात. बाकीच्या आपल्या आपण सुटतात, बहुतेक रात्रीच, आणि राखणारा चहा घ्यायला उठला की नेमक्या तेव्हाच. आजूबाजूला गडबड असली तर घोडी काही तास विणं लांबवू शकते. अडणाऱ्या चौघींच्या बाबतीत मात्र घड्याळ फार जोरात पळतं. का, ते समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

गाईची किंवा म्हशीची वार गर्भाशयाला जागोजागी बटणं लावावीत तशी जोडलेली असते. कळा सुरू झाल्या तरी ही बटणं एकदम सुटत नाहीत, त्यामुळे वासराला आईचं रक्त बराच वेळ मिळत राहतं. घोडीच्या वारेला अशी बटणं नसतात. ती गर्भाशयाच्या सगळ्या आतल्या बाजूला मखमलीवर मखमल चिकटावी तशी बसलेली असते, आणि जोराच्या कळा आल्या की भराभर सुटत जाते. वार सुटली की शिंगराचा प्राणवायू बंद. दुसरं म्हणजे घोडीच्या कळांचा जोर. गाय थांबून थांबून जोर करते. घोडी सगळं बळ एकवटून करते. त्यात शिंगराची मान लांब, पाय लांब. एवढ्या लांब काड्या अरुंद वाटेतून जाताना कुठेतरी एखादी दुमडायला वेळ लागत नाही.

म्हणून हिशेब असा. पाणी फुटल्यावर दहा मिनिटांत पांढरट पिशवी किंवा खूर दिसले पाहिजेत. वीस मिनिटांत काम पुढे सरकलेलं दिसलं पाहिजे. अर्ध्या तासात शिंगरू बाहेर. चाळीस मिनिटं उलटली की शिंगराची आशा मिनिटामिनिटाला कमी होते. डॉक्टरला फोन करायचा तो काही बिघडलंय असं वाटल्यावर नाही, पाणी फुटल्याबरोबर. सगळं सुरळीत झालं आणि डॉक्टर अर्ध्या वाटेतून परत गेला तर त्याला राग येत नाही. आला तर दुसरा डॉक्टर बघा.

इथे एक स्थानिक अडचण आहे. वरातीच्या घोड्यांना काम असतं तुळशीच्या लग्नापासून जेठापर्यंत. चातुर्मासात घोडी रिकामी, म्हणून मालक तिला आषाढ-श्रावणात फळवतात. घोडीचे दिवस सरासरी ३४० (३२० ते ३६० च्या दरम्यान कधीही व्याली तरी त्यात वावगं काही नाही). जुलैच्या मध्याला फळलेली घोडी पुढच्या वर्षी जूनच्या विसाव्या तारखेच्या आगेमागे येते. म्हणजे पहिला पाऊस, शेडमध्ये चिखल, रात्री वीज गेलेली, आणि त्याच दिवसांत आळंदीहून माऊलींची पालखी दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी अशी पुण्यात शिरते. पालखीपुढचे मानाचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून येतात, त्यांना रस्ता मोकळा मिळतो. डॉक्टरच्या गाडीला मिळत नाही. तुमच्या घोडीची तारीख त्या आठवड्यात येत असेल तर वळवलेली वाहतूक आधी बघून ठेवा आणि त्या रात्री पायी पोचू शकेल असा, घोडीचं काम जाणणारा डॉक्टर कोण, हे आधी विचारून ठेवा. शासनाचा १९६२ हा क्रमांक आहे, औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पण शिरवळ येरवड्यापासून साठेक किलोमीटर, वाटेत कात्रज आणि खेड शिवापूर. शिंगराच्या अर्ध्या तासात ते बसत नाही. तिथे न्यायची वेळ आली तर ती बहुतेक घोडीला वाचवण्यासाठी येते. म्हणून शिंगरासाठी जे करायचं ते शेडमध्येच, आणि त्याची तयारी महिनाभर आधी.

तयारीत तीन गोष्टी लोक हमखास विसरतात. पहिली, टाके. रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्या रायडिंग स्कूलला आणि वरातीच्या धंद्यात येतात. यातल्या कित्येकींच्या योनिद्वाराचा वरचा भाग घाण आत जाऊ नये म्हणून कधीकाळी टाके घालून बंद केलेला असतो. तो व्यायच्या दोन ते चार आठवडे आधी डॉक्टरकडून उघडून घ्यावा लागतो, नाहीतर शिंगरू येताना तो फाटत फाटत वर जातो. विकत घेताना मालकाने सांगितलं नसेल तर शेपूट उचलून स्वतः बघा. दुसरी, धनुर्वाताचं इंजेक्शन, विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी. घोड्याइतकं धनुर्वाताला नाजूक जनावर क्वचितच. गंमत म्हणजे त्यावरचं सीरम एकेकाळी घोड्याच्याच रक्तातून मिळायचं; नदीपलीकडे हडपसरला १९६६ साली सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची कल्पनाच पूनावाला स्टडवरच्या म्हाताऱ्या घोड्यांवरून निघाली. तिसरी गोष्ट दोर. कास भरली, सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब जमले, की अगाडी-पिछाडी सोडा आणि घोडीला किमान बारा बाय बारा फुटांच्या जागेत मोकळी ठेवा. कळांच्या सुरुवातीला घोडी उठते, बसते, लोळते. तुम्हाला वाटतं पोट दुखतंय. पोट दुखतंच असतं, पण या लोळण्याने आतलं शिंगरू उताण्याचं पालथं व्हायला मदत होते. त्या रात्रीची घोडी मोकळी असती तर शिंगरू नक्की वळलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण बांधलेल्या घोडीला लोळताच येत नाही, एवढं खरं.

खाली गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा पसरा. लाकडाचा भुसा ओल्या नाकाला चिकटतो. शेपटीला पट्टी, एक कात्री, साबण, दोन बादल्या कोमट पाणी, चार्ज केलेली बॅटरी. जुना मोबाइल खांबाला बांधून त्याचा कॅमेरा करा, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी शेडमध्ये जाऊन घोडीला बुजवायला नको. आणि म्हशींना दूध सोडायला देतात ते ऑक्सिटोसिन या सामानात अजिबात ठेवू नका. घोडी "संथ" वाटते म्हणून कुणीतरी ते टोचतं, आणि आत शिंगरू आडवं असेल तर कळांच्या जोराने गर्भाशयच फाटतं.

आता त्या अर्ध्या तासात काय बघायचं.

पाणी फुटल्यावर सगळ्यात आधी दिसली पाहिजे ती निळसर-पांढरी, पातळ, ओल्या प्लॅस्टिकसारखी चमकणारी पिशवी. तिच्याऐवजी जाड, गडद लाल, भिजलेल्या मखमलीसारखं काही बाहेर आलं आणि पाणी फुटलेलंच नसेल, तर ही लाल पिशवी. वार गर्भाशयापासून वेळेआधी सुटून शिंगराच्या पुढे आली आहे. आत शिंगराचा श्वास कोंडायला लागलाय. घोडीच्या सगळ्या गुंतागुंतींत ही एकच अशी आहे, जिथे मी मालकाला सांगतो: डॉक्टरची वाट बघू नका. कात्रीने ती लाल पिशवी फाडा, आतली पांढरी पिशवी हाताने फाडा, शिंगराचे पुढचे दोन्ही पाय धरा आणि घोडीच्या कळेबरोबर ओढून बाहेर काढा. फोन स्पीकरवर ठेवून बोलत बोलत करा, पण करा. अशी पिशवी बहुधा आधीपासून वारेला जंतुसंसर्ग असलेल्या घोडीत येते. महिना-दोन महिने आधीच कास भरू लागली, सडांतून दूध गळू लागलं किंवा मागून स्राव दिसला, तर तो संसर्ग तेव्हाच औषधाने आवरता येतो. लोक मात्र खुश होतात, "कास किती लवकर भरली बघा!"

पांढरी पिशवी नीट आली, तर पुढचा प्रश्न खुरांचा. पुढचे दोन पाय, एक दुसऱ्याच्या थोडा पुढे, साधारण चार-पाच बोटं. दोन्ही तळवे जमिनीकडे. त्यामागे, गुडघ्यांवर टेकलेलं नाक. दोन्ही पाय एका रेषेत आले तर खांदे अडकण्याची शक्यता असते.

तळवे वर असतील तर दोन शक्यता: शिंगरू उताणं आहे, किंवा ते मागच्या पायांनी येतंय. ओळखायचं कसं? हात साबणाने धुऊन, कोपरापर्यंत ओला करून, खुरापासून वर चाचपत जा. खुराच्या वरचा पहिला सांधा आणि त्यानंतरचा दुसरा सांधा एकाच बाजूला वाकत असतील तर पुढचे पाय. उलट-सुलट वाकत असतील, म्हणजे पहिला एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे, तर मागचे पाय, दुसरा सांधा घुटी आहे. आधी स्वतःच्या घरच्या शांत घोडीच्या पुढच्या आणि मागच्या पायावर हात फिरवून बघा, एकदा कळलं की अंधारातही कळतं. दोन्ही बाबतींत तुम्ही ओढायचं नाही. घोडीला उठवा, मोहरकी धरून शेडमध्येच हळू चालवा. चालताना तिचा जोर कमी पडतो आणि डॉक्टर येईपर्यंतची मोलाची मिनिटं वाचतात. शिंगरू उताणं असेल तर कधी कधी या उठबशीत ते स्वतःच वळतंही.

एकच पाय आणि नाक, पाय दोन पण नाक नाही, नाक आहे पण पाय नाहीत: सगळ्यांचं उत्तर तेच, घोडी उभी करा आणि चालवा. मान मागे वळली असेल तर ओढून ती कधीच सरळ होत नाही, अजून घट्ट बसते. डॉक्टर शिंगराला आधी आत ढकलतो, मोकळी जागा करतो, मग मान फिरवतो. बघणाऱ्याला वाटतं उलटंच चाललंय.

एक स्थिती अशी आहे जी म्हैसवाल्याने आयुष्यात पाहिलेली नसते. शिंगराचा पाय डोक्याच्या वरून मागे गेलेला असतो, आणि घोडीच्या प्रत्येक कळेबरोबर तो खूर योनीच्या छताला टोचतो. घोडीच्या जोरापुढे ते छत फाटतं आणि खूर गुदाशयात शिरतो. योनीच्या वर, गुदद्वाराकडून काही डोकावताना दिसलं, तर समजा हे. घोडीला त्या क्षणी बसू देऊ नका. एखाद्याने तळहाताने ते टोक आत-खाली दाबून धरलं, घोडी चालती राहिली, तर फाटणं कधी कधी टळतं. फाटलंच तर शिंगरू जन्मू द्यायचं आणि शिवणं सहा-आठ आठवड्यांनी, सूज उतरल्यावर. ताज्या जखमेला घाईने घातलेले टाके टिकत नाहीत.

आणि जिथे शिंगरू अर्धं बाहेर येऊन थांबतं, डोकं, पाय, छाती बाहेर आणि पुढे इंचभर हलत नाही, तिथे चार माणसं दोर लावून ओढतात. कृपा करून ओढू नका. अशा वेळी शिंगराचे मागचे पायही पोटाखालून पुढे येऊन ओटीपोटाच्या हाडाला अडकलेले असू शकतात, कुत्रं बसावं तसं ते आत बसलेलं असतं. जेवढं ओढाल तेवढं पाचरीसारखं घट्ट. ओढण्याचा नियम एकच: तळवे खाली, नाक हाताला लागलेलं, फक्त दोन माणसं, फक्त कळेच्या वेळी, आणि दिशा घोडीच्या मागच्या घुट्यांकडे, खाली. दुचाकीला दोर बांधून ओढलेलं मी एकदा पाहिलंय. त्यावर जास्त लिहवत नाही.

कधी काहीच दिसत नाही. घोडी दोन तास अस्वस्थ, पाणी थोडं गेलेलं, आणि खूर नाही, नाक नाही. किंवा हाताला एकदम चार खूर लागतात. आडवं शिंगरू. हजारात एखादं. त्यात ते बहुधा आखडलेलं, सांधे न सुटणारं असतं, आणि शेडमध्ये ते सुटत नाही. इथे भूल देऊन घोडीचे मागचे पाय उंच टांगून काढणं, सिझेरियन, किंवा शिंगरू मेलेलं असेल तर आतच तुकडे करून काढणं, एवढेच मार्ग. शिंगरू गेलंय हे एकदा पक्कं झालं की घड्याळ थोडं सैल होतं, आणि तेव्हाच शिरवळचा रस्ता धरण्यात अर्थ असतो.

दिवस भरायच्या आधीही दोन गोष्टी म्हशीच्या अनुभवाला चकवतात. गर्भाशयाला पीळ पडणं म्हशीत नवीन नाही, पण म्हशीत तो बहुधा विण्याच्या वेळी पडतो. घोडीत तो आठव्या-नवव्या महिन्यातच पडू शकतो, आणि दिसतो साध्या पोटदुखीसारखा: पाय आपटते, कुशीकडे वळून बघते, थोडं खाते, परत सोडते. औषधाने उतरते आणि परत येते. गाभण घोडीचं पोट दोनदा दुखलं तर डॉक्टरला गुदद्वारातून हात घालून बघायला सांगा, तिसऱ्या वेळेची वाट बघू नका. दुसरी गोष्ट, दोन आठवड्यांत पोट नगाऱ्यासारखं फुगणं. लोक म्हणतात जुळी आहेत. बहुतेक वेळा आत पाणी झालेलं असतं, आणि पोटाचे स्नायू फाटण्याआधी विणं घडवून आणावं लागतं.

जुळ्यांचा विषय निघालाच आहे तर. गाईला जुळी झाली की पेढे वाटतात. घोडीच्या पोटात दोन शिंगरांना पुरेल एवढी वारेची जागाच नसते. बहुतेक जुळी सातव्या-आठव्या महिन्यानंतर टाकली जातात, आणि दिवस भरले तरी दोन्ही जगणं फार दुर्मीळ. फळवल्यानंतर चौदा ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करून दोन दिसली तर डॉक्टर एक तेव्हाच बोटांनी दाबून संपवतो. मालकाला हे क्रूर वाटतं. सोळा दिवसांनंतर दोन्ही गर्भ जागच्या जागी रुतून बसतात आणि मग निवड आपल्या हातात राहत नाही.

शिंगरू बाहेर आलं. नाळ लगेच कापू नका. घोडी उठते तेव्हा ती आपोआप तुटते. खुरांच्या टोकाला रबरासारखी मऊ झालर दिसली तर घाबरू नका, ती गर्भाशयाला खूर लागू नये म्हणून असते. पाण्यात एखादा चपटा, तपकिरी, काळजासारखा तुकडा सापडला तर तोही नेहमीचाच. इथून पुढे एक-दोन-तीन लक्षात ठेवा: एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत दूध पिऊ लागलेलं, तीन तासांत वार पडलेली.

वार. इथे म्हशीच्या अनुभवाने झालेलं नुकसान मी सगळ्यात जास्त पाहिलंय. म्हशीची वार आठ-बारा तास घेते, दुसऱ्या दिवसापर्यंतही लोक थांबतात, आणि वारेला दगड किंवा जुनी चप्पल बांधतात. घोडीत तीन तास ही हद्द. त्यानंतर आत सडायला लागलेल्या वारेचं विष रक्तात उतरतं आणि त्याचा घाव बसतो खुरांवर. दोन-तीन दिवसांनी घोडी पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहते, खूर हाताला गरम लागतात, नाल ठोकणारा म्हणतो खुरात काही टोचलंय. टोचलेलं काही नसतं. खुराच्या आतले पडदे सुजून हाड सुटायला लागलेलं असतं, आणि त्या घोडीची चाल पुन्हा कधी पूर्वीची होत नाही. दगड-चप्पल तर बांधायचीच नाही. ओढ बसून वार आतल्या आत फाटते, किंवा गर्भाशयच उलटं होऊन बाहेर येतं. लोंबणारी वार घोडीच्या पायात येऊ नये म्हणून गाठ मारून घुट्यांच्या वर बांधून ठेवा आणि तीन तासांनी डॉक्टरला बोलवा.

वार पडली तरी काम संपत नाही. ती फेकू नका. ओल्या फरशीवर पसरा. घोडीची वार एका विजारीसारखी दिसते: कंबर आणि दोन पाय, एक पाय जाड-लांब, दुसरा बारीक-आखूड. कंबरेकडे शिंगरू बाहेर पडलेलं मोठं भोक असणारच. पण दोन्ही पायांची टोकं बंद हवीत. आत पाणी ओतून बघा; बारीक पायाच्या टोकातून पाणी वाहून गेलं तर तेवढाच तुकडा, कधी तळहाताएवढा, आत राहिलाय. हाच तुकडा घोडीला मारतो. त्याच रात्री वारेचा फोटो काढा आणि डॉक्टरला पाठवा. तो उजेडात बघू शकेल, तुम्ही उजाडेपर्यंत वाट बघायला नको.

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या घोडीकडे वारेनंतरही डोळा ठेवा. विल्यावर थोडी कळ येणं, वरचा ओठ उलटणं चालतं. पण घामाने डबडबली, बेचैन झाली, आणि ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या गुलाबीऐवजी फिकट, पांढुरक्या, तर गर्भाशयाची रक्तवाहिनी आत फुटली असेल. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून नाडी मोजा. नेहमी मिनिटाला चाळीसच्या आसपास असते. ऐंशीच्या वर जाऊन वाढत असेल तर गाडीत घालू नका, चालवू नका, शेजाऱ्यांना हटवा, दिवा विझवा, शिंगरू तिच्या नजरेसमोर ठेवा. आत रक्ताची गाठ बसून रक्त थांबायचं असेल तर ते शांततेतच थांबतं.

चीक पहिल्या सहा-आठ तासांत पोटात गेला पाहिजे. चोवीस तासांनंतर शिंगराच्या आतड्यातून चिकातली ताकद रक्तात जातच नाही. घोडीचं दूध विण्याआधीच दोन दिवस गळत असेल तर चीक वाया गेलाय असं समजा आणि दुसऱ्या घोडीच्या चिकाची सोय बघा. म्हशीच्या खरवसाचा चीक पाजून ती ताकद येत नाही. एक अपवाद. घोडीला गाढवाकडून फळवून खेचर होणार असेल, आणि आधी एखादं खेचर झालेलं असेल, तर आईचा चीकच पोराचं रक्त फोडू शकतो. शिंगरू जन्मतः ठणठणीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, लघवी लालसर, मान खाली. अशा घोडीचं रक्त विण्याआधी तपासून घ्या, आणि जुळत नसेल तर पहिले दीड-दोन दिवस शिंगराला तोंडाला जाळी लावून आईजवळच ठेवा, दूध मात्र दुसरीकडचं.

जन्मून उभं राहिलेलं पण आईला न ओळखणारं, भिंत चोखत फिरणारं शिंगरू वेडं नसतं. फार झपाट्याने जन्मलेल्या किंवा सिझेरियनने काढलेल्या शिंगरांत हे दिसतं. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथले जॉन मॅडिगन यांनी अशा शिंगराच्या छातीभोवती दोराचा फेरा घालून वीस मिनिटं हळू दाब देण्याची रीत बसवली. दाब सोडल्यावर काही शिंगरं जणू पुन्हा जन्मल्यासारखी उठतात. बरगडी मोडलेली नाही हे डॉक्टरने बघितल्याशिवाय मात्र हा प्रयोग करायचा नाही.

त्या घोडीचा मालक पंधरा दिवसांनी भेटला. घोडी विल्यावर सात ते दहा दिवसांत परत माजावर येते, तशी ती आली होती, आणि त्याने फळवली नव्हती. सांगितल्याप्रमाणे. अडलेल्या घोडीचं गर्भाशय एवढ्यात सावरत नाही, निदान पुढच्या माजापर्यंत थांबायचं. "मग जुलैअखेर धरू," तो म्हणाला आणि बोटांवर महिने मोजू लागला. अकराव्या महिन्याला थांबला. "परत पालखीच्याच सुमाराला येणार की हो." मी म्हटलं, एक वर्ष रिकामी ठेवा, नाहीतर आत्ताच माझा नंबर फोनमध्ये वर आणून ठेवा.